अमळनेरला अ‍ॅनिमेशनच्या इतिहासाचं प्रदर्शन: यंत्रं कशी बनवायची, काय मांडायचं?

बोरीकाठ

राम राम मंडळी. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ४० बाय २० फुटांचा हॉल आहे. तिथे अ‍ॅनिमेशनचा इतिहास आणि आपल्या रोजच्या जगण्यावर त्याचा झालेला परिणाम, या विषयावर दहा दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय. येणारी मुलं तिसरी ते दहावीची, त्यात खेड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचीही बरीच. सुट्टीत मुलं मोकळी असतात म्हणून मे महिना धरलाय. खर्चाची तयारी ६०-७० हजारांची. सुतार, वेल्डर, फ्लेक्सवाला गावातच आहेत.

अडलंय ते असं. झोट्रोप, म्हणजे फटींचा तो फिरता ड्रम, इथेच बनवून घ्यायचाय, पण माप कुठून धरायचं ते कळत नाही. एका संग्राहकाने हाताने रंगवलेल्या पाच-सहा जुन्या सेल (कार्टूनसाठी चित्र काढलेले पारदर्शक पत्रे) द्यायची तयारी दाखवली आहे, त्या कशा मांडाव्यात? चित्रपट दाखवायचे तर परवानगी लागते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा इतिहास नुसता अमेरिका-जपानचा होऊ नये. आपल्याकडचं काय ठेवता येईल?

पांझरा

झोट्रोपचं आधी सांगतो, कारण प्रदर्शन त्याच्यावर उभं राहणार आहे. नुसते फ्लेक्स लावून अ‍ॅनिमेशन कळत नाही. मुलाने स्वतः चाक फिरवलं आणि चित्र हललं, की तो फलकही वाचतो. निम्मे पैसे यंत्रांवर घाला.

ड्रमसाठी पत्रा वाकवत बसू नका. ३१५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. जळगावला पाइपाचा एवढा धंदा आहे की २० सेंमीचा तुकडा कुठेही मिळेल. सगळ्यात पातळ भिंतीचा बघा. आतला घेर टेपने मोजा आणि १२ ने भागा. आतला व्यास ३० सेंमी भरला तर घेर ९४.२ सेंमी आणि एका चित्राची जागा ७.८५ सेंमी. खालच्या अर्ध्यात ८ सेंमी उंचीची चित्रपट्टी बसते, वरच्या अर्ध्यात १२ उभ्या फटी, प्रत्येक ६ सेंमी लांब आणि ३ मिमी रुंद. जिगसॉ हळू चालवायला सांगा, नाहीतर पीव्हीसी वितळून फट मागे चिकटते. पाइपाची भिंत जाड असेल तर फटीतून तिरकं बघता येत नाही आणि एका वेळी एकाच पोराला दिसतं. त्यासाठी फटीच्या आतल्या कडा पॉलिश पेपरने ४५ अंशात उतरवून घ्या.

फटीच्या रुंदीत तडजोड नको. चित्र धूसर दिसलं की लोक वेग कमी करतात, पण धूसरपणा वेगाने येत नाही, रुंद फटीने येतो. वेग कमी केला तर चित्र लुकलुकायला लागतं, एवढंच. ५ मिमीची फट पाडली की चेहऱ्याचे डोळे गेलेच म्हणून समजा. उलट ३ मिमीच्या फटीतून आतला जेमतेम ४ टक्के उजेड डोळ्यापर्यंत येतो. म्हणून ड्रमच्या वर, आत प्रकाश पडेल अशी १२ व्होल्टची एलईडी पट्टी गोल लावा, ड्रम बाहेरून आणि आतून फटींच्या भागात मॅट काळा करा, आणि तो कोपरा अंधारा ठेवा. बाहेर ट्यूबलाइट आणि आत अंधार असेल तर काहीच दिसत नाही. बहुतेक ठिकाणी झोट्रोप 'चालत नाही' तो याच कारणाने.

आणखी एक गोष्ट चित्रकाराला आधीच सांगून ठेवा. बघणाऱ्याच्या जवळची फट एका दिशेला जाते आणि पलीकडच्या भिंतीवरचं चित्र उलट दिशेला, त्यामुळे चित्र आडवं आक्रसलेलं दिसतं. ३० सेंमीचा ड्रम अर्ध्या मीटरवरून बघितला तर रुंदी साधारण दीडपटीहून थोडी जास्त काढावी लागते. गोल चेंडू हवा असेल तर पट्टीवर आडवा लंबगोल काढा. पट्टीवर १२ चित्रं, आणि बारावं पहिल्याला जुळलं पाहिजे. एका पट्टीवर मुद्दाम १३ चित्रं काढा: तेव्हा आकृती जागच्या जागी न हलता भिंतीच्या दिशेने पुढे सरकत जाते. ११ काढली तर उलटी सरकते. पळणाऱ्या घोड्याची एक पट्टी १२ ची, एक १३ ची अशी शेजारी ठेवली तर मोठी मुलं तिथून हलणार नाहीत.

बैठकीला १८ मिमी प्लायवूडची जड चकती, २० मिमीचा दांडा, ६२०४ नंबरच्या दोन बेअरिंगा. वजन असलं की एकदा फिरवलं की बराच वेळ फिरत राहतं. सेकंदाला एक फेरा म्हणजे १२ चित्रं, तेवढं पुरे. फटींची उंची जमिनीपासून १०० सेंमी धरा. तिसरीच्या मुलाला टाचा उंचावाव्या लागत नाहीत, आणि मोठ्यांना थोडं वाकायला काय होतं.

फलकावर 'दृष्टिसातत्यामुळे चित्र हलताना दिसतं' असं लिहू नका. पाठ्यपुस्तकांत अजून तसंच असतं, पण डोळ्याच्या पडद्यावर आधीचं चित्र रेंगाळलं तर दोन चित्रं एकावर एक दिसतील, हालचाल नाही. थोड्या-थोड्या फरकाची चित्रं मधे अंधार घालून आली की मेंदू त्यातून हालचाल जुळवतो. माक्स वेर्थाइमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. फटीचं काम तेच, दोन चित्रांच्या मधला अंधार.

वाघूर

मे महिना आधी डोक्यातून काढा. सेल आणणार असाल तर नक्कीच.

सेल म्हणजे पारदर्शक सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पत्रा. पुढून रेघा, मागून रंग. ऊन आणि दमट हवा दोन्ही त्याला मारतात. अ‍ॅसिटेट कुजायला लागलं की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, शिरक्यासारखा वास येतो, आणि ते आम्लच पुढची कुज वाढवतं. वास येणारी एक सेल बंद पेटीत इतरांसोबत ठेवली तर बाकीच्यांचीही कुज वेगाने वाढते. म्हणून ताब्यात घेतानाच एकेक पाकीट उघडून वास घ्या. वास आला तर ती परत द्या, प्रदर्शनात नको. १९५० च्या आधीची असेल तर नायट्रेटची असण्याचा धोका असतो आणि नायट्रेट भडकून पेटतं. तशी सेल सार्वजनिक हॉलमध्ये आणूच नका.

आपल्याकडे मेमध्ये पारा ४४ च्या वर, हवा कोरडी ठाक. रंगाचा थर आकसतो, तडकतो आणि कपचे निघतात. त्यावर तुम्ही डेझर्ट कूलर लावणार. कूलर चालू असेपर्यंत हॉल दमट, रात्री बंद केला की पुन्हा कोरडा. हे रोजचं वर-खाली होणं स्थिर उन्हाळ्यापेक्षा वाईट. डिसेंबर-जानेवारी धरा. शाळांच्या सहलीही तेव्हाच निघतात, मुलं शिक्षकांसोबत येतील.

मांडताना: रंगाला काच किंवा अ‍ॅक्रिलिक टेकता कामा नये, मधे ५-६ मिमीचा स्पेसर. भिंतीवर उभी टांगण्यापेक्षा २०-३० अंशांच्या उतरत्या टेबलावर ठेवा, सुटत आलेला रंग खाली घसरत नाही. उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंद, पश्चिमेची खिडकी पूर्ण बंद. हात लावायचा तर नायट्रिल हातमोजे घालून, कडेला धरून. सुती मोज्याचे धागे सुटलेल्या रंगाच्या कपच्यात अडकतात. फडक्याने पुसायचं नाही, फुंकरही नाही. आणताना गाडीच्या डिकीत ठेवू नका, बंद डिकी उन्हात भट्टीसारखी तापते.

माझं मत विचाराल तर मूळ सेल दोनच ठेवा आणि बाकी पैसे नकलेवर घाला, कारण सेलची खरी गंमत ती हाताळण्यात आहे. ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटवर एक पात्र चार थरांत छापून घ्या: मागची पार्श्वभूमी कागदावर, मग अंग, हात, तोंड. मुलाने तोंडाचा थर बदलायचा, अंग तसंच. १९१४ मध्ये अमेरिकेच्या विन्सर मॅकेने 'गर्टी' हा डायनासोरचा कार्टूनपट केला तेव्हा डायनासोरमागचे डोंगर आणि झाडंसुद्धा प्रत्येक चित्रात पुन्हा काढावी लागत होती. त्याच वर्षी अर्ल हर्डने सेलच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे पार्श्वभूमी एकदाच काढून भागायला लागलं. हा फरक फलकावर चार ओळींत सांगण्यापेक्षा टेबलावर दाखवा. थर चारच ठेवा. प्रत्येक थर थोडा उजेड खातो, खालचे रंग मळकट होत जातात. स्टुडिओत म्हणूनच एकच रंग थराप्रमाणे वेगवेगळ्या छटांत कालवून ठेवत.

चित्रं एकावर एक नेमकी बसायला खुंट्या लागतात. परदेशी पेगबार (खुंट्यांची तयार पट्टी) मागवायची गरज नाही. ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचिंग मशीनची भोकं ८० मिमी अंतरावर आणि ६ मिमीची असतात. लाकडी पट्टीत त्याच अंतरावर साडेपाच मिमीच्या दोन खुंट्या ठोका. पूर्ण ६ मिमीच्या घातल्या तर कागद काढताना फाटतो.

बोरीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. महिना बदलायचं समितीपुढे मांडतो, पटेल असं वाटतं. एक विचारायचं राहिलं. वेल्डर म्हणतो फटी नकोत, गोल चाकावर मातीच्या बाहुल्या लावू आणि लखलखणारा दिवा सोडू, त्याने मोबाइलवर जपानच्या एका संग्रहालयातलं तसलं चाक बघितलंय. करू का?

पांझरा

तो म्हणतो ते चाक बहुधा मिताका शहरातल्या, घिब्ली या कार्टूनपट स्टुडिओच्या संग्रहालयातलं. ते २००१ मध्ये उघडलं आणि तिथलं बाहुल्यांचं झोट्रोप प्रसिद्ध आहे. दिसतं सुंदर, पण तुमच्या हॉलसाठी नको. सेकंदाला ३ ते ३० वेळा लखलखणारा प्रकाश, प्रकाशाने झटका येणाऱ्या अपस्माराच्या मुलांना धोक्याचा असतो. १२ बाहुल्यांचं चाक सेकंदाला एक फेरा घेतं म्हणजे तुम्ही नेमके त्याच पट्ट्यात. शाळेची मुलं गर्दीने येणार, कुणाला काय आहे हे शिक्षकांनाही माहीत नसतं. फटीच्या ड्रममध्ये लुकलुक फक्त फटीला डोळा लावणाऱ्याला दिसते आणि तो मान वळवून लांब होऊ शकतो. तरी एक सूचना तिथेही लावाच.

बाहुल्या हव्याच असतील तर वेगळ्या टेबलावर, मोबाइल लावून. त्याबद्दल चाळीसगावकर बोलतील, त्यांचा विषय आहे.

चाळीसगावकर

आपल्याकडचं काय, हा प्रश्न फार मोलाचा आहे. सुरुवात लांब शोधायला नको. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पण त्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या-थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपून 'अंकुराची वाढ' केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. मग १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज', काड्या एकेक सरकवून केलेला. तो आज उपलब्ध नाही, म्हणून त्याचा फोटो म्हणून कुठला तरी भलताच फोटो इंटरनेटवरून उचलू नका. त्याऐवजी त्या जागी टेबल मांडा आणि मुलांना काड्या सरकवू द्या.

टेबल असं: काळं कापड ताणून ठोकलेला ३ बाय २ फुटांचा फळा, वर मोबाइल खाली बघेल असा लोखंडी नळीचा स्टँड, टेबलालाच बोल्टने आवळलेला. तीन पायांचा सुटा स्टँड मुलं धक्क्याने हलवतात आणि मग सगळी फिल्म थरथरते. गुल काढलेल्या काड्या किंवा टूथपिक, गुलाच्या काड्या मुलांच्या हातात नकोत. स्टॉप मोशनचं कुठलंही अ‍ॅप चालेल, पण फोकस, एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक) तिन्ही लॉक करा. स्वयंचलित ठेवलं तर मुलाचा हात चौकटीत आला-गेला की उजेड बदलतो आणि फिल्म चमकते. खिडकीचा उजेड पूर्ण बंद, ढग आला तरी फ्रेममध्ये दिसतो. सेकंदाला १२ फोटो, दर फोटोला काडी ३-४ मिमी. पाच सेकंदांना ६० फोटो. चार मुलांच्या गटाला दहा-बारा मिनिटं लागतात. मुलं पहिल्यांदा काडी एकदम दोन इंच सरकवतात आणि ती उडी मारते. फळ्यावर दर ३ मिमीला खडूच्या ठिपक्यांची एक ओळ आखून द्या, लगेच हाताला अंदाज येतो. काड्यांसोबत सरकी, कापसाची बोंडं, केळीच्या सोपटाचे तुकडे ठेवा. तेलाची माती डिसेंबरात बरी वागते, उन्हाळ्यात बाहुलीचे पाय बसतात.

याच कोपऱ्यात छायाचित्रकार केकी मूस यांना जागा द्या. चाळीसगावात राहून त्यांनी टेबलावर छोट्या वस्तू रचून आख्खा देखावा उभा करणारी टेबलटॉप छायाचित्रं केली. ते अ‍ॅनिमेशन नाही, तसं लिहूही नका. पण छोट्या वस्तू आणि उजेडाच्या जोरावर मोठं जग उभं करायची कला तीच आहे, आणि त्यांचं घर आजही बघता येतं. त्यांच्या प्रतिष्ठानाला पत्र पाठवून एक-दोन छायाचित्रांच्या प्रती मागा.

अजिंठ्याबद्दलही सावध राहा. 'अजिंठा म्हणजे जगातलं पहिलं अ‍ॅनिमेशन' असा फलक कोणीतरी सुचवेलच. चित्रकाराने एकाच पटात तेच पात्र पुन्हा पुन्हा काढून गोष्ट पुढे नेलेली तिथे दिसते, विशेषतः १७ व्या लेण्यातल्या जातककथांत. ती कथनाची रीत आहे, हालचालीचा भास नाही. एवढं खरं लिहिलं तरी पुरेसं थोर आहे. शेजारी फिल्म्स डिव्हिजनचा (केंद्र सरकारचा चित्रपट विभाग) १९५७ चा 'बनियन डिअर' ठेवा, तोही जातककथेवरचाच. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये उभा राहिला, डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि शिकणाऱ्यांत राम मोहन होते. तिथून पुढचा धागा सलग मिळतो: १९७४ चा 'एक अनेक और एकता', दिग्दर्शन विजया मुळे, अ‍ॅनिमेशन भीमसैन, जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्यासोबत राम मोहन यांनी केलेला १९९२ चा रामायणावरचा चित्रपट, २००५ चा व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान', आणि २००८ पासून दप्तरांवर बसलेला छोटा भीम.

परिणामाचा भाग इथेच आणा. 'एक अनेक'मधलं 'एक चिडिया' हे गाणं आजही पन्नाशीतल्या माणसाला तोंडपाठ असतं. पालक आले की आपोआप गाणार, मुलं बघत राहणार. आणि यूट्यूबवर अहिराणीत डब केलेल्या कार्टून क्लिपा घराघरात बघतात, तोही परिणामच. एक माइक, एक हेडफोन, स्वतः बनवलेली २० सेकंदांची मुकी क्लिप ठेवा, मुलांनी आपल्या बोलीत आवाज द्यायचा. माइकभोवती तीन बाजूंनी जुनी गोधडी टांगा, हॉलचा घुमारा कमी होतो.

वाघूर

परवानगीचं राहिलं होतं. भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण संगीत, चित्रं यांचे हक्क वेगळे, ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. यूट्यूबवर आहे म्हणून दाखवायला मोकळं, असं नाही. शाळेने आपल्याच विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुरतं दाखवलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. वाचनालयाचा खुला कार्यक्रम त्यात बसत नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं, त्यामुळे 'बनियन डिअर' किंवा 'एक अनेक' साठी पत्र एनएफडीसीला. दोन-अडीच महिने आधी पाठवा.

जुन्यातलं निर्धास्त दाखवावं असं म्हणजे फ्रान्सच्या एमिल कोलचा १९०८ चा 'फँटास्मागोरी'. दोन मिनिटांच्या आतला, सुमारे ७०० चित्रांचा. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा काढून निगेटिव्ह दाखवलं, म्हणून तो फळ्यावर खडूने काढल्यासारखा दिसतो. मात्र नंतर कोणी चढवलेलं संगीत काढून मुकाच चालवा, त्या संगीताचा हक्क जिवंत असू शकतो. प्रसिद्ध पात्रांचे मोठे कटआउट प्रवेशद्वारावर लावू नका, ती बहुतेक ट्रेडमार्क आहेत.

बोरीकाठ

एकेक ओळ उतरवून घेतली. शेवटचं: आरशाचं प्रॅक्सिनोस्कोप, म्हणजे फटींऐवजी मधल्या आरशांत चित्र बघायचा फिरता ड्रम, झेपेल का? आणि वीज गेली तर?

पांझरा

झेपेल, झोट्रोपपेक्षा उजळ दिसतं आणि चार-पाच जण एकदम बघू शकतात. एमिल रेनोने १८७७ मध्ये केलेलं हे यंत्र. पुढे याच तत्त्वावर मोठं यंत्र बांधून त्याने २८ ऑक्टोबर १८९२ ला पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात हाताने रंगवलेल्या हलत्या चित्रांचा खेळ लावला, ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाच्या पहिल्या तिकिटाच्या खेळाच्या तीन वर्षं आधी. फलकावर ही तारीख मोठी लिहा.

माप: बाहेरचा ड्रम ३० सेंमी व्यासाचा, फटी नाहीत, आत १२ चित्रांची तीच पट्टी. मधे १२ आरशांचा खांब. खांबाच्या मध्यापासून आरशापर्यंत अंतर ड्रमच्या त्रिज्येच्या निम्मं, म्हणजे साडेसात सेंमी. तेवढं असलं की प्रतिमा बरोबर अक्षावर दिसते आणि स्थिर राहते. कमी-जास्त झालं तर चित्र डावी-उजवीकडे डुलतं. त्या मापाने एकेका आरशाची रुंदी ४ सेंमी. अ‍ॅक्रिलिकचा आरसा वाकतो आणि चेहरे ताणले जातात, २ मिमी काचेचाच घ्या आणि कडा घासून आणा. आधी लाकडाचा बारा बाजूंचा ठोकळा करून घ्या, सुताराला प्रत्येक कोपऱ्याचा आतला कोन १५० अंश सांगा, मग आरसे दुहेरी टेपने चिकटवा. सिलिकॉनने चिकटवला तर सुकेपर्यंत आरसा घसरतो. इथे चित्र आडवं आक्रसत नाही, पण आरशात डावं-उजवं उलटतं. पट्टीवर अक्षरं असतील तर उलटी काढा.

वीज: दोन्ही ड्रम हातानेच फिरवू द्या, मोटर नकोच. दिव्यांची १२ व्होल्टची पट्टी आधीपासूनच बॅटरीवर ठेवा. ५ वॅटची पट्टी ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर सकाळी दहा ते सहा आरामात निघते. पण बॅटऱ्या दोन घ्या, एक रात्री चार्जिंगला लावून ठेवायची.